पन्नास हजाराच्या आत हार्डटेल की फुल सस्पेन्शन? खान्देशातल्या रस्त्यांवर तिन्ही प्रकार चालवून बघितल्यावर

आधी उत्तर सांगून टाकतो, मग कारणं. बजेट पन्नास हजाराच्या आत असेल आणि सायकल आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबार पट्ट्यातच चालवायची असेल तर हार्डटेल घ्या, म्हणजे पुढे शॉकअप आणि मागे सरळ साधी फ्रेम. फुल सस्पेन्शन, म्हणजे पुढे आणि मागे दोन्हीकडे शॉकअप, त्या मागच्या स्प्रिंगच्या नादी लागू नका. लाख-सव्वा लाखाच्या पुढे गेलात तर बोलणं वेगळं होतं, ते पण खाली लिहिलंय, कारण चांगली फुल सस्पेन्शन काय चीज असते ते मी चालवून बघितलंय आणि तिला उगाच नावं ठेवणार नाही.

तुलना कशाकशाची करतोय ते सांगतो. माझी स्वतःची २९ इंची चाकाची ॲल्युमिनियमची हार्डटेल, पुढे १०० मिलिमीटर दबणारा एअर फोर्क (हवेवर चालणारा पुढचा शॉकअप), हायड्रॉलिक म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे डिस्क ब्रेक, पन्नास हजाराच्या आतच बसलेली. अमळनेरच्या मित्राची सेकंडहँड फुल सस्पेन्शन, पुढे १४० मागे १३० मिलिमीटर, नवी असताना दोन लाखाच्या घरातली. आणि पुतण्याची डबल शॉकर, बारा-तेरा हजारवाली, जी प्रत्येक तालुक्याच्या गावी दुकानाबाहेर रांगेत उभी असते. मित्राशी सायकल बदलून बरेच दिवस चालवली, पुतण्याची तर घरातच आहे.

पहिले या स्वस्त डबल शॉकरचं बघू, कारण सगळ्यात जास्त पैसे लोकांचे इथेच जातात. दुकानात पोरगं घेऊन आलेला बाप विचारतो मागे पण शॉकअप आहे का, आणि दुकानदार सीट दाबून दाखवतो, बघा भाऊ कसं दबतंय. दबतं ना, स्प्रिंग आहे तर दबणारच. खरा प्रश्न ती परत कशी येते हा आहे. चांगल्या शॉकमध्ये स्प्रिंग असते किंवा दाबलेली हवा असते, आणि सोबत तेल असतं, ते तेल बारीक भोकांमधून जातं आणि धक्क्याची ताकद गरम होण्यात जिरवतं. याला डॅम्पिंग म्हणतात. दहा-पंधरा हजारातल्या सायकलीला मागे नुसती स्प्रिंग असते, तेल नाही काही नाही, त्यामुळे खड्ड्यात जेवढी दबली तेवढीच ती परत फेकते, आणि ते फेकणं तुमच्या बुडाला बसतं. वर चढावर पायडल मारताना ताकद स्प्रिंग दाबण्यात वाया जाते, बाजेवर बसून पायडल मारल्यासारखं वाटतं, पाय फिरत राहतात आणि सायकल काही पुढे सरकत नाही.

दुकानात एक मिनिटात तपासता येतं हे. सीटवर दोन्ही हातांनी जोर देऊन दाबा आणि एकदम सोडा. सीट झटक्यात वर येऊन पुन्हा हलली तर डॅम्पिंग नाही. मग मागचं चाक वरून धरून डावीकडे उजवीकडे हलवा, जिथे फ्रेम दोन तुकड्यांत जोडलेली असते तिथे खटखट जाणवली तर तो जोड नवीन असतानाच ढिला आहे. तिथे बेअरिंगऐवजी प्लास्टिकचं नाहीतर पत्र्याचं बुश असतं आणि ते आपल्याकडच्या धुळीत लवकर खातं. पुतण्याच्या सायकलीला आता वळणावर मागचं चाक स्वतःच्या मर्जीने जातं. वजन सतरा-अठरा किलोच्या आसपास, कारण फ्रेम लोखंडी आणि वरून स्प्रिंग, लिंक (मागची फ्रेम शॉकला जोडणारा हलता तुकडा), जादा पाईप. नववीतलं पोरगं ती सायकल जिन्याने वर नेऊ शकत नाही. मी याच्यात कंपनीचं नाव घेत नाही कारण हा एका कंपनीचा प्रश्नच नाही, या किमतीत कोणीच मागचा शॉक धड देऊ शकत नाही.

आणि हाच पैशाचा मुद्दा पन्नास हजारापर्यंत तसाच चालत येतो. फुल सस्पेन्शन फ्रेमला मागचा शॉक लागतो, लिंक लागते, चार-सहा तरी बेअरिंग लागतात, फ्रेमचे दोन भाग वेगवेगळे बनवून जुळवावे लागतात. हा खर्च कुठूनतरी काढायचाच असतो ना, मग तो फोर्कमधून निघतो, ब्रेकमधून निघतो, चाकांमधून निघतो. चाळीस हजाराची हार्डटेल आणि चाळीस हजाराची फुल सस्पेन्शन शेजारी उभ्या करा आणि मागचा शॉक हाताने झाकून बाकीची सायकल बघा. एकीला हायड्रॉलिक ब्रेक, दुसरीला वायरचे. मागच्या गिअरच्या चकत्या एकीला कॅसेटच्या, दुसरीला फ्रीव्हीलच्या, त्यातला फरक पुढे सांगतो. ज्याला रोज चालवायची आहे त्याने हे बघायचं असतं.

आता आपल्याकडचे रस्ते. मला वाटतं या विषयावरचं बहुतेक बोलणं अशा जागेसाठी असतं जिथे माणूस सायकल गाडीवर टाकून डोंगराच्या पायथ्याला नेतो, तिथे उतरवतो, दोन तास जंगलात चालवतो आणि परत गाडीवर टाकतो. आपल्याकडे कोण नेतो हो गाडीवर? जळगावातून सातपुड्याचा पायथा म्हणजे विदगावच्या पुलावरून तापी ओलांडून चोपडा-यावलकडे तीस-चाळीस किलोमीटर सपाट डांबर, दोन्ही बाजूला केळी नाहीतर कापूस, आणि मग कुठे दगड सुरू होतात. परत येताना तेवढंच डांबर, आणि तेव्हा ऊन चढलेलं असतं. म्हणजे राईडच्या चार भागांपैकी तीन भाग डांबरावर. त्या तीन भागांत मागचा शॉक फक्त वजन म्हणून सोबत येतो. मित्राच्या सायकलीला शॉकवर एक छोटा खटका आहे, तो फिरवला की शॉक बऱ्यापैकी कडक होतो, तरीसुद्धा जाड टायर आणि उताराच्या हिशोबाने ठेवलेली बसण्याची पद्धत याच्यामुळे सपाटीवर ती माझ्या हार्डटेलच्या मागेच राहते, चालवणारा कोणी का असेना. दुपारनंतर पश्चिमेचा वारा तोंडावर आला की अजूनच. साक्रीकडे ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उगाच नाही उभ्या केल्या.

धुळ्याचे लोक म्हणतील आम्हाला लळिंग जवळ आहे, खरं आहे, हायवेने दहा किलोमीटर गेलं की किल्ल्याखालचं कुरण लागतं, तिथे गुरांच्या वाटा आहेत, मुरूम आहे, मधेमधे सुटे दगड. पण ती जागा पण हार्डटेलचीच आहे. मुरमावर २.२५ इंची टायर आणि पुढे एक बरा फोर्क असला की पुरतं, मागून जो धक्का येतो तो सीटवरून थोडं उठून पायांनी घ्यायचा. पाय हाच मागचा शॉक. हे आठवडाभरात अंगवळणी पडतं आणि पुढे कुठलीही सायकल घेतली तरी कामाला येतं.

शहादा ते तोरणमाळ ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे की तिथे खेळ चढाचा आहे. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून साधारण ११५० मीटरवर, खाली शहाद्याचा भाग त्याच्या मानाने अगदी सपाट, आणि शेवटचा घाट वळणावळणाचा. रस्ता डांबरी आहे. तिथे तुम्हाला हवा हलका गिअर, म्हणजे मागे मोठी कॅसेट, आणि हवी न डुलणारी फ्रेम. फोर्क लॉक करायचा, म्हणजे दबणार नाही असा कडक, आणि बसून एका लयीत चढायचं. यशवंत तलावापर्यंत पोचल्यावर दोन किलो कमी असलेल्या सायकलीची किंमत जेवढी कळते तेवढी दुकानात नाही कळत.

आता फुल सस्पेन्शनची बाजू, आणि ही बाजू भारी आहे. सातपुड्याच्या पायथ्याला मनुदेवीच्या आसपास नाल्यांमधून ज्या वाटा जातात, किंवा पद्मालयच्या जंगलातून खाली उतरणारी दगडी वाट, अशा ठिकाणी मित्राची सायकल मी चालवली आणि खरंच सांगतो, वेगळंच जग आहे. नारळाएवढे गोटे, मधे झाडांच्या मुळ्या, एकाला लागून एक पायरीसारखे कातळ. हार्डटेलवर अशा जागी मागचं चाक प्रत्येक दगडावर उडतं, आणि उडालेलं चाक ब्रेक लावत नाही, म्हणून वेग कमी ठेवून एक एक दगड निवडत उतरावं लागतं. फुल सस्पेन्शनवर मागचं चाक जमिनीला चिकटून राहतं. आराम हा तिचा दुसरा फायदा झाला, पहिला फायदा हा चिकटून राहण्याचा आहे, कारण चाक जमिनीवर असेल तरच ब्रेक लागतो आणि तरच सायकल वळते. दगडाळ चढावर सुद्धा, जिथे माझ्या हार्डटेलचं मागचं चाक घसरून फिरायला लागायचं, तिथे ती पकड धरून वर निघून गेली. ज्याला दर रविवारी हेच करायचंय आणि ज्याच्याकडे गाडीवर सायकल न्यायची सोय आहे, त्याने पैसे साठवून खरी फुल सस्पेन्शन घ्यावी, मी त्याला अडवणार नाही.

(यावल अभयारण्य आणि चाळीसगावकडचं गौताळा-औट्रमघाट अभयारण्य, दोन्हीकडे आत जायचं तर आधी वनखात्याला विचारा. सायकल आहे म्हणून कुठूनही घुसायचं नाही.)

पण त्या सायकलीला सांभाळायला लागतं, आणि आपल्याकडची अडचण तिथे आहे. एअर शॉक घेतल्यावर पहिलं काम म्हणजे सॅग लावणं. तुम्ही सायकलवर बसल्यावर शॉक त्याच्या चालीच्या साधारण २५ ते ३० टक्के दबला पाहिजे, म्हणजे शॉकचा दांडा ५० मिलिमीटर आत जात असेल तर नुसतं बसल्यावर १२ ते १५ मिलिमीटर. दांड्यावर एक रबरी रिंग असते, तिच्यावरून मोजायचं, आणि त्यासाठी वेगळा शॉक पंप लागतो, टायरचा पंप चालत नाही. हे झालं सोपं काम. मग रॉकशॉक्ससारखी कंपनी स्वतःच सांगते की दर ५० तासांनी शॉकचा हवेचा भाग उघडून साफ करा, सील-तेल बघा. ५० तास म्हणजे दर रविवारी चार तास धरले तर तीन महिने. आणि हे ५० तास आपल्या फुफाट्यातले नाहीयेत. एप्रिल-मेमध्ये शिवाररस्त्याने निघा, बैलगाड्या-ट्रॅक्टरच्या चाकोरीत घोट्याएवढी मऊ धूळ असते, ती दांड्यावर बसते, सीलमध्ये जाते आणि आतून घासत राहते. मित्राच्या शॉकमधून हवा जायला लागली तेव्हा इकडे कोणी उघडायला तयार होईना. एका जुन्या मेकॅनिक दादांनी, ज्यांचा हात सायकलीवर मी डोळे झाकून सोपवतो, हातात घेऊन सगळीकडून बघितला आणि सरळ सांगितलं, "भाऊ, येना माल आठे भेटस नही", म्हणजे याचा माल इथे मिळत नाही. शॉक काढून पुण्याला कुरिअर केला, सर्व्हिस होऊन यायला तीन आठवड्यांच्या वर गेले, आणि खर्च चांगल्या टायरच्या जोडीएवढा. तोपर्यंत सायकल भिंतीला टेकून.

याउलट हार्डटेलला काय लागतं? चेनला तेल, ब्रेक पॅड, वर्षातून एकदा हबला (चाकाच्या मधल्या भागाला) ग्रीस, फोर्कचे खालचे पाय काढून साफ करणं. यातलं बहुतेक तुमच्या गावचा नेहमीचा मेकॅनिक करतो, छर्रे बदलून देतो, स्पोक ओढून देतो. जी सायकल तालुक्याच्या गावी दुरुस्त होते ती चालत राहते. बजेटचा विचार करताना नुसती दुकानातली किंमत धरू नका, पुढच्या तीन वर्षांचा खर्च धरा, आणि किती रविवार सायकल बंद राहणार तेही धरा.

पावसाळ्याचं वेगळं सांगतो. काळी माती. ज्यांनी कधी जूनमध्ये शेताच्या बांधावरून सायकल काढली नाही त्यांना हे सांगून पटत नाही, पण दहा मीटरमध्ये टायर दुप्पट जाड होतं आणि चाक फ्रेममध्ये अडकून फिरणं थांबतं. काडीने खरवडायचं, परत दहा मीटर. हार्डटेलमध्ये निदान मागच्या चाकाभोवती मोकळी जागा असते, हात जातो. फुल सस्पेन्शनमध्ये खालच्या जोडापाशी, शॉकच्या मागे, लिंकच्या खाली माती जाऊन बसते, वाळली की विटेसारखी घट्ट, आणि मग लोक कार वॉशिंगच्या जोरदार पाण्याने धुतात, ते पाणी बेअरिंगमध्ये जातं आणि ग्रीस धुवून निघतं. कुठलीही सायकल असो, साध्या पाईपने किंवा बादली-ब्रशने धुवा. आणि पहिल्या पावसानंतर काळ्या मातीत जाऊच नका, मुरमाड भागात जा.

तर चाळीस-पन्नास हजारात हार्डटेल घेताना काय बघायचं. पहिले फोर्क. वरच्या टोपीखाली हवा भरायचा व्हॉल्व्ह आहे का बघा. असेल तर एअर फोर्क, तुमच्या वजनाप्रमाणे हवा कमी-जास्त करता येते, पंचावन्न किलोचं पोरगं आणि नव्वद किलोचे काका दोघांना तोच फोर्क जुळवता येतो. सनटूरचा एक्ससीटी हा स्प्रिंगवाला फोर्क खूप सायकलींना येतो, मजबूत आहे पण जड, अडीच किलोच्या आसपास, आणि परत येण्याचा वेग कमी-जास्त करायची सोय नाही. रोजच्या रस्त्याला, मुरमाला ठीक आहे. एक्ससीआरचं एअरवालं रूप किंवा रॉकशॉक्सचा जूडी मिळत असेल तर त्यासाठी चार-पाच हजार जास्त द्यायला हरकत नाही, तो फरक हातांना रोज कळतो. पायाच्या खालच्या टोकाला लाल रंगाची फिरकी असली की ती बहुतेक वेळा रीबाउंडची, म्हणजे परत येण्याचा वेग बदलायची असते, फिरवून दाबून बघा, फोर्क हळू-जोरात परत येतो का.

दुसरं ब्रेक. वायरचे डिस्क चालतात, पण धुळीने वायर जाम होते आणि सारखी ओढावी लागते. हायड्रॉलिक घ्या. शिमानोचे साधे एमटी२०० सुद्धा एका बोटाने थांबवतात, त्यात मिनरल ऑइल असतं, गाडीचं ब्रेक ऑइल त्यात कधीच टाकायचं नाही, सील खराब होतात. गावात कोणी "टाकू का" म्हणालं तर सरळ नाही म्हणा.

तिसरं मागचा हब. इथे बरेच जण फसतात म्हणून जरा सविस्तर. स्वस्त सायकलींना सात गिअरचं फ्रीव्हील असतं, ते हबवर पेचाने बसतं आणि त्याच्यामुळे त्या बाजूचे छर्रे बरेच आत राहतात, म्हणजे ॲक्सलचा एवढा मोठा तुकडा आधाराशिवाय बाहेर लटकतो. दगडात आपटलं की तो ॲक्सल वाकतो नाहीतर तुटतो. कॅसेटवाल्या हबमध्ये छर्रे पार टोकाशी असतात, म्हणून तो टिकतो. आठ-नऊ गिअरची असली तरी कॅसेटच हवी. दुकानदाराला नुसतं एवढं विचारा, फ्रीव्हील आहे का कॅसेट, त्याला कळतं की गिऱ्हाईक बघून घेऊन राहिलंय. पुढे दोन-तीन चकत्या आहेत का एकच, याच्यावर फार डोकं लावू नका, एक असली तर चेन कमी वेळा उतरते आणि काम सोपं, दोन असल्या तर सपाटीला वेग जास्त मिळतो, आपल्याकडे सपाटी भरपूर असल्याने दोन पण वाईट नाही.

फ्रेमची साईझ. हे सगळ्याच्या वर धरा. साईझ चुकली तर एक लाखाची सायकल पण पाठ दुखवते. उभं राहून दोन पायांमध्ये सायकल घ्या, वरच्या पाईपात आणि तुमच्यात चार बोटं तरी अंतर पाहिजे, आणि बसल्यावर हँडलपर्यंत कोपर थोडा वाकलेला राहिला पाहिजे. दुकानात तुमची साईझ नसेल आणि दुकानदार म्हणाला सीट वर करून देतो, तर चहा पिऊन या, सायकल घेऊन येऊ नका. मागवून द्यायला सांगा. जळगावात चांगली दुकानं मागवून देतात, आठ-दहा दिवस थांबावं लागतं फक्त.

आता वाचलेले पैसे कुठे घालायचे, कारण खरी मजा इथे आहे भो. काटे! बाभूळ, वेडी बाभूळ, बोर, आणि जमिनीवर पसरलेले सराटे. मेहरूण तलावाच्या मागच्या वाटेने गेलात किंवा गिरणेच्या काठाने गेलात तरी चाकाला चारदोन काटे घेऊनच घरी येणार. आपल्या भागात मागच्या शॉकपेक्षा ट्यूबलेस टायर जास्त सुख देतो, हे मी अगदी छातीवर हात ठेवून सांगतो. रिम ट्यूबलेसला चालणारी असेल तर टेप, व्हॉल्व्ह आणि सीलंट टाकून घ्या, काटा घुसला की आतलं पातळ सीलंट त्या भोकात जाऊन जमतं आणि बसतं, तुम्हाला कळत पण नाही. दुसरा फायदा त्याहून मोठा, ट्यूब नसली की हवा कमी ठेवता येते. ट्यूब असताना कमी हवेत दगडावर आपटलं की ट्यूब रिममध्ये चिमटून फुटते म्हणून लोक ४०-५० पीएसआय ठेवतात, मग सायकल खडखडते, मग त्यांना वाटतं मागे शॉक पाहिजे होता. २.२५ नाहीतर २.४ चं टायर ट्यूबलेस करून २५ ते ३० पीएसआय वर चालवून बघा, सत्तर किलोच्या आसपासच्या माणसाला पुरतं, आणि तो खडखडाट निम्मा होतो. माझ्या हार्डटेलवर मागून जाणवणारा सगळ्यात मोठा फरक याच एका कामाने पडला.

आपल्याकडे सीलंटची एक गोष्ट लक्षात ठेवा, डब्यावर तीन-चार महिने लिहिलेलं असलं तरी भुसावळ-जळगावच्या ४४-४५ डिग्रीत ते लवकर सुकतं. उन्हाळ्यात चाक हलवून आवाज घ्या, आत पाणी हलल्यासारखं वाजलं नाही तर टाकायची वेळ झाली. रिम ट्यूबलेसची नसेल तर मोटरसायकलसारखा व्हॉल्व्ह असलेल्या ट्यूबमध्ये, त्याची आतली पिन काढून, सीलंट भरता येतं. तेवढं भारी नाही चालत पण सराट्यांना पुरतं. आणि तो जाड व्हॉल्व्ह असला की कुठल्याही खेड्यातला पंक्चरवाला हवा भरून देतो, बारीक व्हॉल्व्हला अडॅप्टर खिशात ठेवावा लागतो.

पाठीचा त्रास आहे म्हणून फुल सस्पेन्शन घ्यायची असं म्हणणारे बरेच भेटतात, विशेषतः चाळिशीच्या पुढचे दादा-काका लोक. त्यांना पण माझं हेच सांगणं, आधी साईझ, मग जाड टायर, मग हवा कमी, आणि तरी कमी पडलं तर शॉकअपवाली सीटची दांडी मिळते, ती दोन-तीन हजारापासून सुरू होते आणि उद्या सायकल बदलली तरी जाडी जुळली की दुसऱ्या सायकलला लागते. एवढं करूनही दुखत असेल तर मग सायकलपेक्षा डॉक्टरांना आधी दाखवा.

सेकंडहँड फुल सस्पेन्शन साठ-सत्तर हजारात पुण्या-नाशिकहून मिळते, आणि मोह होतो, मान्य आहे. घ्यायचीच तर शॉकचा चकचकीत दांडा नखाने तपासा, ओरखडा नखाला लागला तर सोडून द्या. सीटला धरून मागची बाजू थोडी उचला, चाक जमिनीवरून सुटायच्या आधी हाताला खटका जाणवला तर बेअरिंग किंवा शॉकचे बुश गेलेत. फ्रेमचे वेल्डिंग, जोडांच्या आसपास, उजेडात धरून बघा. शेवटची सर्व्हिस कधी केली याचं बिल मागा. आणि तिच्या किमतीत शॉकची एक सर्व्हिस आणि बेअरिंगचा सेट मनातल्या मनात मिळवूनच सौदा करा. मॉडेल फार जुनं असेल तर तिच्या लिंकचे सुटे भाग मिळतात का हे आधी शोधा, फ्रेम कंपनीगणिक आणि सालागणिक हे भाग बदलतात.

हार्डटेल नवी घेत असाल तर बिल करतानाच एक काम करून घ्या. मागचा गिअर ज्या छोट्या पट्टीवर लटकतो तो हँगर, मुद्दाम नरम ॲल्युमिनियमचा केलेला असतो, म्हणजे काडी अडकली किंवा सायकल पडली तर तो वाकावा आणि फ्रेम वाचावी. तो प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो आणि इकडे सुटा मिळत नाही. पऱ्हाटीचं एक लाकूड स्पोकमध्ये गेलं की तो गेलाच. तुमच्या फ्रेमचा एक जादा हँगर त्याच दुकानातून त्याच दिवशी मागवायला सांगा आणि आला की सीटखालच्या पिशवीत, चेनच्या जोडकडीसोबत, टाकून ठेवा.